सिंकचा जाणकार

सिंकच्या दुकानातला तो विक्रेता एकदा बोलायला लागला की गिऱ्हाइकं नुसती माना डोलवायची. "स्टील घासायचं ते रेघांच्या दिशेनंच, आडवा हात मारलात की ओरखडे आलेच. पांढऱ्या चिनी मातीला तारेची घासणी दाखवायचीसुद्धा नाही, खायचा सोडा कालवून लावायचा. आणि काळ्या ग्रॅनाइटवर पाण्याचे पांढरे डाग बसतात, तेव्हा शेवटचं भांडं निघालं की लगेच कोरडं पुसून टाकायचं." वीस वर्षांत त्याची बोलती कुणी बंद केली नव्हती.

त्या दिवशी एका आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या घरी कसलं आहे हो?"

तो आठवू लागला. स्टीलचं असावं. की पांढरं? "एक मिनिट हं," म्हणत तो कपाटाआड गेला आणि बायकोला फोन लावून दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, आपल्या घरचं सिंक कसलं आहे?"

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.

"संध्याकाळी जरा लवकर या," बायको म्हणाली. "ओळख करून देते."