नवरीची खोली

शिवगंगानं कुंचा चुन्याच्या घमेल्यात बुडवला आणि काळ्या भिंतीवर पहिला पांढरा पट्टा ओढला. शेजारची वत्सलाबाई दारात उभी होती. तिला ते बघवेना.

"अगं, सवत येतीय तुझी. तिच्यासाठी आपल्या हातानं भिंती रंगवतीस?"

"रंगवते."

"तुला कायबी वाटत न्हाई?"

"लई वाटतं. म्हणून तर रंगवते. सरका जरा, अंगावर उडंल."

पाटोद्याच्या बाजारात तिच्या नवऱ्याचं, मल्लिकार्जुनचं, कापडाचं दुकान होतं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. गेल्या महिन्यात त्यानं जेवता जेवता सांगून टाकलं. अंबाजोगाईकडची मुलगी ठरवली आहे. नाव नीलम्मा, वय तेरा. आईबाप नाहीत, मामाकडं वाढलेली. मामाला ती आणखी सांभाळायची नव्हती, म्हणून लग्न लागलं की लगेच नांदायला येणार. "आतली खोली तिला दे. जरा नीट करून ठेव," एवढं बोलून त्यानं हात धुतले.

त्याच खोलीत शिवगंगा स्वतः अकराव्या वर्षी नवरी म्हणून आली होती. जोंधळ्याची पोती, चुलीच्या धुरानं काळ्या झालेल्या भिंती, आणि उजेडासाठी माळवदाच्या छतात ठेवलेलं सवण्याचं भोक वरून फरशीनं झाकलेलं. दिवसाढवळ्या तिथं हात दिसायचा नाही. पहिलं वर्ष तिनं पोत्यांच्या आड बसून काढलं. हाक मारावी असं या घरात कुणी नव्हतं.

आता तिनं आधी पोती काढली. एकेक ओढत ओसरीवर आणून टाकलं. मल्लिकार्जुन दुकानातून आला तर वाट अडलेली.

"हे हितं कावून?"

"खोली नीट कर म्हणाला होता न्हवं?"

मग ती माळवदावर चढली आणि सवण्यावरची फरशी ढकलून दिली. खाली उजेडाचा चौकोन पडला. भिंती तिनं विळ्यानं खरवडल्या, चुन्यात नीळ कालवून दोन हात दिले, तळाला गेरूची पट्टी ओढली. जमीन सारवली. स्वतःच्या लग्नातलं हिरवं इरकली लुगडं फाडून दाराला पडदा शिवला. देवळीत एक चिंध्यांची बाहुली ठेवली. सुतार धोंडीराम आला, त्याला तिनं दाराला कडी बसवायला सांगितली.

"बाहेरून हाय की कडी, बाई."

"आतून बसवा."

हैदराबादेहून आणलेला बैठकीतला आरसाही तिनं काढून आत टांगला. मल्लिकार्जुन बघून हसला. "इतका खाली? आपल्याला तोंड बघायला वाकावं लागंल."

"तुमच्यासाठी न्हाई टांगला. तिचा हात पुरंल तिथं टांगलाय."

तो खूश झाला. बायकोनं मुकाट्यानं मान्य केलं, असं त्यानं धरलं. बाजारभर सांगत सुटला. "आमच्या मंडळींचं मन बघा! सवतीसाठी ठाण्यातल्या अमीनसाहेबाच्या बंगल्यावानी खोली केलीय. वरातीला सगळे या, डोळ्यांनी बघा."

सोमवारी सकाळी वरात दारात आली. सांगितल्याप्रमाणं बाजारातली सगळी मंडळी आली होती. मठाचे स्वामी होते. नवरीचे मामा कल्याणराव होते. नीलम्मा शालूच्या ओझ्यानं वाकली होती, डोळे रडून सुजले होते. शिवगंगानं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. तिचा हात धरला आणि तिला उंबऱ्याच्या आत घेतलं. मागोमाग मल्लिकार्जुननं पाय उचलला. तशी ती उंबऱ्यावर आडवी उभी राहिली.

"तुमचं अंथरूण दुकानात टाकलंय," ती म्हणाली. सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली. "दोन टायमाचा डबा तिकडं येईल."

वाजंत्री थांबली. मल्लिकार्जुनचं तोंड लाल झालं.

"कुणाला इचारून?"

"तुमी लगीन कुणाला इचारून केलं?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. कल्याणराव पुढं सरसावले. "बाई, आमी आमची पोर नांदायला दिलीय."

"तुमची ना? मग सांगा मामा, सणाला न्यायला कधी येणार? उद्या आजारी पडली तर घरी घेऊन जाणार?"

कल्याणराव पागोट्याचा शेव चाचपत राहिले.

"बोला की. हाय का तिला माहेर?"

आतून नीलम्मानं शिवगंगाच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"न्हाई ना? मग ऐका सगळ्यांनी. आजपासून हे घर तिचं माहेर. मी तिच्या माहेरची."

मल्लिकार्जुननं आशेनं स्वामींकडं पाहिलं. स्वामी त्या मुठीकडं बघत होते. ज्यांच्यापुढं त्यानं बायकोचे गोडवे गायले होते ते सगळे व्यापारी आता त्याचं तोंड बघत होते. त्यांच्यादेखत तिला ढकलून आत जाणं त्याला जमेना. त्यानं उचललेला पाय पायरीवर मागं घेतला. जवळ सरकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं त्यानं विचारलं, "पण... किती दिवस?"

शिवगंगानं आवाज खाली आणला नाही.

"पोर मोठी होऊ द्या, शहाणी होऊ द्या. मग तिला वाटलं तर ती बोलवील. जावई काय बोलावल्याबिगर सासुरवाडीला मुक्कामाला येत नसतो."