राधा दीदीची मच्छरदाणी

"ये राधा दीदी ने सिलके दिया है," पार्वती मच्छरदाणीची कड हातात धरून कौतुकानं दाखवत होती. खालून जुन्या साडीचा जाड काठ लावलेला होता, म्हणजे गोधडीखाली नीट खोचता यावी.

"अच्छा," संपदा म्हणाली.

ही मच्छरदाणी तिनंच आणलेली. दिल्लीतल्या द्वारकेच्या मागे, नाल्याकाठच्या या मजूरवस्तीत घरोघरी हिंडून तिनं अशा मच्छरदाण्या वाटल्या होत्या. पोरांना उघड्यावर झोपवू नका, मलेरिया होतो, हे दोन वर्षं कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. बाया माना डोलवायच्या आणि मच्छरदाण्या पत्र्याच्या पेटीत ठेवून द्यायच्या, पुढं लेकीच्या लग्नात द्यायला म्हणून.

मग ही राधा आली. लातूरकडची, यूपीएससीच्या अभ्यासासाठी दिल्लीत राहणारी. 'ताई, रविवारी मीही येत जाऊ का?' म्हणाली आणि येत राहिली. बायांच्यात मांडी घालून बसली, त्यांच्या कपातला चहा प्याली, गप्पा मारता मारता सुईदोरा चालवला. पावसाळा यायच्या आत झोपडी-झोपडीत मच्छरदाण्या टांगल्या गेल्या. आयत्या बिळावर नागोबा! पण हे बोलायचं कुणाजवळ? पोरं सुखानं झोपत होती, मग तुझ्या पोटात का दुखतं, असंच कुणीही विचारलं असतं. संपदा स्वतःलाही तेच विचारायची. दुखायचं ते दुखायचंच.

"चांदनी कहां गई?" तिनं विषय बदलला.

पार्वतीनं आत बोट दाखवलं. भर दुपारी तिची पाच वर्षांची लेक मच्छरदाणीत दोन गोधड्या घेऊन पडली होती. संपदानं हात आत घालून कपाळ चाचपलं आणि ती चरकली. अंग तव्यासारखं तापलं होतं, आणि पोरीचे दात वाजत होते.

"मच्छरदानी में सोती है ना ये?"

"यहां तो रोज सोती है, दीदी. गांव गए थे, देवर की शादी में. वहां सब आंगन में ही सोए." पार्वतीनं लेकीच्या अंगावरची गोधडी सारखी केली. "राधा दीदी को फोन लगाइए ना. वो आ जाएंगी तो…"

"मैं हूं ना."

"हां, आप तो हैं. पर ये उनकी सुनती है."

संपदानं फोन काढला. राधाचं नाव समोर आलं. त्यावर तिचा अंगठा थबकला. मग तिनं फोन तसाच कानाला लावला, जरा वेळ थांबली, आणि खाली घेतला.

"नहीं लग रहा."

इतकं सहज खोटं आपल्याला बोलता येतं, याचं तिलाच नवल वाटलं. पण नवल करत बसायला वेळ नव्हता. तिनं मच्छरदाणीचा काठ उपसला, चांदनीला गोधडीसकट उचललं आणि चिखलातून रस्त्याकडे निघाली. वाटेत चप्पल रुतून बसली, ती तिथंच राहिली. पार्वती रडत मागून धावत होती.

ई-रिक्षात पोर संपदाच्या मांडीवर थरथरत होती. तिचा श्वास संपदाच्या गळ्याला चटके देत होता. ही जगू दे, एवढंच तिच्या मनात होतं. आणि त्याखाली, लाज वाटावी असं दुसरंही होतं: ही शुद्धीवर आली की बघेल, कोणी आणलं ते.

सरकारी दवाखान्यात बोट टोचून रक्त घेतलं. मलेरियाच निघाला.

"टाइम से ले आए आप," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहली खुराक यहीं, मेरे सामने दीजिए. उलटी न करे, बस."

पार्वतीनं गोळी चुरून पाण्यात कालवली. चांदनीनं ओठ घट्ट मिटून घेतले. पार्वतीनं समजावलं, दटावलं, शेवटी हात जोडले. पोरगी मान फिरवत राहिली. चमचा संपदानं घेतला, तरी तेच.

मग डोळे न उघडताच चांदनीनं हात लांबवला. तिची बोटं संपदाच्या बांगडीला लागली, तिथंच अडकून राहिली.

"राधा दीदी?"

"नहीं बेटा, ये तो…" पार्वती सांगायला लागली.

संपदानं पार्वतीच्या हातावर हात दाबला.

"हां," ती म्हणाली. "राधा दीदी ही हूं. मुंह खोलो."

चांदनीनं तोंड उघडलं.