पेन्सिलवाल्याचं मत

पुष्पांजली पुन्हा हसली, तेव्हा गजेंद्रच्या हातातला घास हातातच राहिला. पुस्तक वाचून माणूस हसतो, त्याला कोणाची हरकत नाही. पण ती शेवटचं पान उघडून हसत होती, आणि शेवटच्या पानावर गोष्ट नव्हती.

पिंपळगाव राजाच्या वाचनालयात वाहेदभाईंनी एक रीत पाडली होती. पुस्तकाच्या शेवटी रेघांचा कागद चिकटवायचा आणि वाचून झालं, की त्यावर आपलं मत लिहायचं. नावाची सक्ती नाही. ‘पत्रिका जुळेना’ ही विनोदी प्रेमकादंबरी गावात एवढी फिरली, की तिला असे तीन कागद जोडावे लागले. आता तिचा दुसरा भाग आला होता, ‘पत्रिका जुळली’. पहिल्या भागात भांडता भांडता प्रेमात पडलेले मैना आणि सुबोध यात संसाराला लागले होते.

"काय लिवलं हाय एवढं?" गजेंद्रनं विचारलं.

"काही नाही. लोकायले दुसरा भाग आवडला नाही." तिनं पुस्तक फडताळात ठेवून दिलं.

शेजारी गजेंद्रचे बाबा, शेषराव, जेवत होते. "गजा, सूनबाईले सांग, भाकर पुरे," ते म्हणाले. सूनबाई दोन हातांवरच उभी होती. पण सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही, असा त्या घराचा शिरस्ता. गजेंद्रनं सांगितलं खरं, पण त्याचं सगळं लक्ष फडताळाकडं होतं.

ती धुणं घेऊन मागं गेली, तसं त्यानं पुस्तक काढलं. निळ्या शाईतलं अक्षर बायकोचं होतं. दुसरं पेन्सिलीतलं, उभं, टोकदार. ते कोणाचं, त्याला कळेना.

पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘पहिल्या भागातली मैना बोलकी होती. या भागात लेखकाने तिला मुकी केली.’

खाली निळी शाई, ‘लेखकानं नाही, सुबोधनं केली. तो तिला जेवण झालं का, एवढंच विचारतो.’

मग पुन्हा पेन्सिल, ‘सुबोध वाईट नाही, मठ्ठ आहे. लग्नापायी मैनेचे शिक्षण अर्धवट राहिले, ते लेखक विसरला. वाचक विसरलेला नाही.’

‘हे वाचून बरं वाटलं,’ निळ्या शाईनं लिहिलं होतं.

गजेंद्रनं त्या ओळी पुन्हा वाचल्या. लग्न झालं तेव्हा पुष्पांजलीचं बी.ए.चं एक वर्ष राहिलं होतं. तो काही विसरला नव्हता. विषय निघाला नव्हता, एवढंच. दिवसभर दुकानात पंपाच्या जळालेल्या मोटारी बांधून द्यायच्या, घरी येऊन जेवायचं आणि झोपायचं, यात विषय निघणार कधी? आणि हा उपटसुंभ कोण, ज्याला माझ्या बायकोच्या मनातलं कळतं? त्याला हेवा वाटला, चांगला सणसणून वाटला. सात वर्षांत आपल्याला जमलं नाही, ते या माणसानं चार ओळींत केलं होतं. तिला हसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान अर्ध्यावर टाकून तो वाचनालयात गेला.

"वाहेदभाई, हे पुस्तक आमच्याबिगर कोनी नेलं?"

वाहेदभाईंनी रजिस्टर उघडलं. "कोनीच नाही. तुमच्याच घरी फिरून राह्यलं. वहिनी सोमवारी जमा करतात अन् गुरुवारी पुन्हा तेच नेतात."

"मंग मतं कोन लिवते?"

"लिवत असन कोनी इथंच बसून. मी काय पाहारा देऊ का बे?"

गजेंद्रनं वाचनकक्षात नजर फिरवली. पोलीस भरतीचा अभ्यास करणारे दोघं, बाजारभावाच्या पानात डोकं खुपसलेले बाबा, आणि खिडकीपाशी दीपक सर. शाळेत नवे आलेले, बिनलग्नाचे, केसांना तेल लावून चापूनचोपून बसवलेले. खिशाला पेन्सिल! गजेंद्रनं त्या पेन्सिलीकडं असं काही पाहिलं, की सरांनी ती काढून पुढं केली. "पाहिजे का?"

गुरुवारी पुस्तक घरी आलं. पेन्सिलीची नवी ओळ होती, ‘येत्या बुधवारी अकरा वाजता खामगावला बसस्टँडसमोर यावे. फोटो आणि कागद सोबत आणावेत. घरी इतक्यात बोलू नये.’

खाली निळ्या शाईत एकच शब्द, ‘येते.’

फोटो आणि कागद! वकील, कोर्ट, फारकत, सगळं एका दमात त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. त्या रात्री त्याचा डोळा लागला नाही.

बुधवारी पुष्पांजली म्हणाली, "मनकर्णा मावशीले भेटून येतो." त्यानं नुसती मान हलवली. बाबा सकाळीच बाजाराला गेले होते, नाहीतर त्यानं त्यांनाही सोबत घेतलं असतं. काय व्हायचं ते वडीलधाऱ्यासमोर होऊन जाऊ दे. एस.टी.च्या मागं मोटारसायकल ठेवून तो खामगावला पोचला.

बसस्टँडसमोर झेरॉक्सच्या एका दुकानाबाहेर पुष्पांजली बाकावर बसली होती, मांडीवर पिशवी. दुकानाच्या दाराला पडदा होता. फटीतून टेबलावरचा कागद आणि लिहिणारी पेन्सिल तेवढी दिसली.

"कोन हाय आत?" गजेंद्र ओरडला.

ती दचकून उभी राहिली. "हळू बोला. आयकू जाईन."

"जाऊ दे! त्याच्यासमोरच सांगतो. मले नसन गोड बोलता येत, नसन हसवता येत. पन तू गेली, तं मी कोनासाठी घरी येऊ?"

पुष्पांजली त्याच्याकडं पाहतच राहिली. एवढं तो सात वर्षांत बोलला नव्हता. आतली पेन्सिल थांबली.

गजेंद्रनं पडद्याला हात घातला, तोच आतून आवाज आला.

"गजा, आला तं बरं झालं. सूनबाईले विचार बरं, फॉर्मात विषय मराठी भरू का इतिहास?"