लख्ख आवाज

बाबा रेडिओवर निवेदक होते. ते गेल्यावर लेकीने त्यांच्या कार्यक्रमांच्या बुरशी आलेल्या टेप एका स्टुडिओत नेल्या. "खरखर तर काढाच, पण त्यांचं ते मध्येच खाकरणंही काढून टाका," असं तिने बजावलं. काम चोख झालं. टेप पार कामातून गेल्या होत्या, त्या स्टुडिओवाल्याने तिला विचारूनच फेकून दिल्या.

"बघ आई, बाबांचा आवाज कसा घासूनपुसून लख्ख झालाय."

आई स्पीकरला कान लावून बसली. एक कार्यक्रम संपला, दुसरा संपला, तिसराही संपला. दर वेळी बाबा श्रोत्यांचा निरोप घ्यायचे आणि आई म्हणायची, "पुढचा लाव."

"काय शोधतेयस गं?"

"शेवटी ते एकदा खाकरायचे. रेडिओवरून बायकोला हाक कशी मारणार? ती खूण होती आमची. निघालोय, ताटं घे."

आई पुन्हा स्पीकरकडे वळली.

 

"सगळ्यांशी बोललेत गं. माझ्याशीच तेवढं नाही."