उपसलेलं पाणी

एवढं मोठं घर इतक्या स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर बायको म्हणाली होती, "अहो, कुठेतरी पाणी मुरतंय." त्याने ते हसण्यावारी नेलं. मग आयुष्याची पुंजी घरात ओतली आणि तळघरात खरोखरच पाणी झिरपलं. तेव्हा दोघांपैकी कुणालाच हसू आलं नाही.

"जमिनीतलं पाणी वर चढलंय," पंपवाला म्हणाला. "उपसून देतो. पण साहेब, पाणी कुठे जात नाही, जागा बदलतं."

पाणी उपसून तो गेल्यावर नवरा तळघरात उतरला. फरशीवरून हात फिरवला. ती खडखडीत कोरडी होती. तरी तिच्यात छताचा दिवा दिसत होता, पाण्यात दिसावा तसा, हलत. जिनाही दिसत होता.

तो आणखी वाकला. दिवा होता, जिना होता. तो स्वतः तेवढा दिसत नव्हता.

"अहो, ओल्या पायांनी कुठे आलात?" वरून बायको ओरडली. "आत्ताच लादी पुसलीय!"

"अगं, मी खाली आहे!"

तिला ते ऐकू गेलं नसावं. ती कुणाशी तरी हसत होती.

"अगंबाई, हात किती गार पडलेत तुमचे!"