फॅट लागेना

शहाण्णव साली पारनेरजवळच्या त्या गावात डेअरीत फॅट मोजायला कम्प्युटर आला आणि भागिरथीकाकूंच्या दुधाला फॅट लागेना. काकू पाणी घालतात, असा डेअरीच्या आदिनाथ सेक्रेटरीला दाट संशय. एका सकाळी तो थेट त्यांच्या गोठ्यात गेला, म्हशीजवळ उकिडवा बसून शेवटच्या धारेपर्यंत बघत राहिला आणि किटली स्वतःच उचलून डेअरीत घेऊन आला. काकू मागोमाग.

डेअरीत पहिलं माप रोज चेअरमनच्या दुधाचं. त्या सवयीनं आदिनाथच्या हातून कम्प्युटरवर चेअरमनचाच नंबर दाबला गेला. फॅट लागली सात. जीभ चावून त्यानं काकूंचा नंबर दाबला. त्याच किटलीतलं दूध, फॅट पाच.

त्यानं कम्प्युटरच्या कंपनीला फोन लावला.

"प्रोग्रॅम आमचा आहे. आत काय लिहिलंय ते कुणालाच दाखवत नाही," पलीकडून उत्तर आलं.

"काय म्हनला?" काकूंनी विचारलं.

"आत बघता येत न्हाई म्हनतोय."

काकूंनी किटली उचलली आणि कम्प्युटरकडे बोट केलं.

"माझा संशय आला तवा गोठ्यात येऊन बसलास. आता ह्याचा आलाय, तर कुठं जाऊन बसनार?"