मागं कोण बसणार?

"मागं कोण बसणार?" अण्णांनी विचारलं.

दूधवाला बसप्पा विकायला काढलेल्या मोटारसायकलभोवती फिरत होता, तो थांबला. "कॅन बसतील की, गुरुजी. दोन इकडं, दोन तिकडं."

"मग नाही जमायचं."

"आता कॅनला बी दाखवायला आणू का काय!" बसप्पा हसला, पण फाटक जरा जोरातच लावून गेला.

अण्णांच्या लेकीनं, शिवानीनं, कपाळाला हात लावला. दोन दिवसांत परत गेलेलं हे तिसरं गिऱ्हाईक. पहिल्यानं 'कुणी नाही' म्हटलं, दुसऱ्यानं 'बसेल कुणीतरी' म्हटलं. दोघांनाही अण्णांनी पाणी पाजून वाटेला लावलं होतं.

काचबिंदूमुळं डॉक्टरांनी अण्णांना गाडी चालवायची बंद केली होती. गाडी नीट विकली जावी, कुणी फसवू नये, म्हणून शिवानी लातूरहून रजा टाकून आली होती. ज्या ओट्यावर अण्णांनी तिला पाढे शिकवले, तिथंच बसवून तिनं त्यांना सगळं शिकवलं. लायसन्स बघितल्याशिवाय चक्कर मारू द्यायची नाही. आधारच्या झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आडवं लिहायचं. ताबा पावतीवर तारीख आणि वेळ, दोन्ही घालायची.

"तोंडी माणूस काहीही सांगतो, अण्णा. कागदावरची तारीख बघायची."

अण्णा गुणी पोरासारखे ऐकत होते. त्या वाक्याला मात्र ते पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले.

दुपारी महेबूब आला. ढोकीतला इलेक्ट्रिशियन. कुणीतरी त्याला आधीच सांगितलं असावं, कारण तो एकटा आला नव्हता.

"सलाम गुरुजी. ही गुलबानो, माझी बायको. मागं हीच बसणार. हिला शिवणकामाच्या क्लासला सोडायचं असतंय रोज."

अण्णांचा चेहरा उजळला. "ये पोरी, बस. शिवू, यांना पाणी दे."

शिवानीनं पाणी दिलं, महेबूबचं लायसन्स बघितलं. तो चक्कर मारून आला. ब्रेक चांगले आहेत म्हणाला, साखळी जरा ढिली आहे म्हणाला. व्यवहार ठरला. शिवानी ओट्यावर कागद पसरून बसली.

अण्णा आत गेले आणि खुंटीवरचं लाल हेल्मेट घेऊन आले. त्यावरचं फडकं काढलं. एक ओरखडाही नव्हता.

शिवानीनं नजर वळवली. ते आईचं हेल्मेट होतं. सहा वर्षांपूर्वी ढोकीच्या रस्त्याला, ट्रॉलीतून पडलेल्या उसावरून अण्णांच्या गाडीचं चाक घसरलं आणि मागं बसलेली आई डोक्यावर पडली. तेराव्यानंतर शिवानी परत गेली. पुढच्या खेपेला आली तेव्हा हे हेल्मेट खुंटीला दिसलं. "हे घरात होतं?" तिनं विचारलं होतं. "होतं," अण्णा म्हणाले होते. "घातलं नाही तिनं."

तेव्हापासून ती आईवर रागावली होती. फोटोला हार घालतानासुद्धा तिचं पहिलं वाक्य तेच असायचं. घातलं असतंस तर?

"हे गाडीबरोबर न्यायचं," अण्णा गुलबानोला म्हणाले.

"इथल्या इथं तर जायचंय, चाचा," गुलबानो लाजली.

"तिला कशाला?" महेबूब हसला. "गाडी म्या चालवणार, ही नुसती मागं बसणार."

अण्णांनी हेल्मेट गुलबानोच्या हातात दिलं आणि पहिलीच्या वर्गात शिकवावं तसं सांगू लागले. "असं घालायचं. पट्टा ओढायचा. आता हनुवटीखाली दोन बोटं घालून बघ. दोन गेली पाहिजेत, तिसरं नाही."

"अण्णा, पीयूसी कुठाय?" शिवानीनं विचारलं.

"गाडीच्या पिशवीत असेल," असं म्हणत अण्णांनी कपाटातली प्लॅस्टिकची जुनी पिशवी काढली. ती तिच्या हातात द्यायला त्यांनी जरा वेळ लावला.

पीयूसी सापडली. तिच्या घडीत एक बिल होतं. लेडीज हेल्मेट, लाल, एक नग. सवयीनं शिवानीची नजर तारखेवर गेली. सोळा फेब्रुवारी, आई गेली त्याच वर्षाची.

आई त्याच महिन्याच्या तीन तारखेला गेली होती. पंधराला तेरावा झाला होता.

तिनं बिल उजेडात धरलं. पुन्हा वाचलं. मग मान वर केली. अण्णा तिच्याकडंच बघत होते.

"तारीख बरोबर आहे, शिवू," ते हळूच म्हणाले. "तिनं मागितलं होतं. दोनदा. मी म्हणालो, ढोकीपर्यंत तर जायचं, मागच्याला काय करायचंय?"

महेबूबचं हसू मावळलं. गुलबानोनं पट्ट्यावरचा हात काढला नाही.

"आणि मी सहा वर्षं आईला बोल लावत राहिले," शिवानी म्हणाली.

"मला ठाऊक आहे. रोज वाटायचं, आज सांगावं."

शिवानीनं पावती पुढं ओढली, तारीख घातली, भिंतीवरचं घड्याळ बघून वेळ लिहिली. चार वाजून दहा मिनिटं. कागद अण्णांकडं सरकवला. वाऱ्यानं उडू नये म्हणून तिनं कागदाचा कोपरा दाबून धरला. सही झाली तरी अण्णांची बोटं तिथंच होती. तिनं कोपरा सोडला आणि ती बोटं धरली.

महेबूबनं गाडी चालू केली. अण्णा आणि शिवानी फाटकापाशी येऊन उभे राहिले. गाडी शाळेच्या वळणाला लागली तेव्हा मागं बसलेल्या गुलबानोनं एक हात वर नेला आणि हनुवटीखाली दोन बोटं घालून पाहिली.